फक्कीने आखलेले घर

प्रत्येक राहत्या घरात एक भिंत चुकलेली असते असे मानणारा, आणि ती सापडेपर्यंत पुढ्यातल्या चहाला तोंड न लावणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते म्हणजे दादाच्या मित्राचे मामा. आमचे त्यांच्याशी नाते म्हणायचे तर एवढेच. पण मित्र मामा म्हणे म्हणून दादा म्हणू लागला, दादा म्हणतो म्हणून आई-बाबा म्हणू लागले, आणि पाहता पाहता ठाण्याला कोपरीतल्या आमच्या सगळ्या आळीचे ते मामा झाले. आमची आत्या त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी असेल. तीही त्यांना मामाच म्हणे. मामा मुंबईत रीतसर शिकलेले आर्किटेक्ट होते. हा शब्द आमच्या घरात त्यापूर्वी कोणी उच्चारला नव्हता. बाबा गिरणीत फिटर, आई सहीपुरती शिकलेली, आणि कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. त्यामुळे मामांच्या विद्येबद्दल मला अधिकाराने काही सांगता येणार नाही. जे दिसले तेवढे सांगते, आणि तेही नीट सांगता येईल की नाही याची मला धास्ती आहे.

मामा पूर्वी फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत होते. तिथे बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या इमारतींचे नकाशे होत. एक दिवस त्यांनी ती नोकरी सोडली. का सोडली असे बाबांनी विचारले तेव्हा म्हणाले, “तिथं कोणी राहत नाही हो. सहा वाजले की सगळी उठून जातात. ज्या इमारतीत कोणी कूस बदलत नाही, कोणाला ताप येत नाही, तिचं चित्र किती दिवस काढायचं?” तेव्हापासून ते डोंबिवलीला एका भाड्याच्या खोलीत एकटे राहत आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत फक्त जुन्या घरांची कामे घेत. कुणाला मागे एक खोली वाढवायची असेल, कुणाला स्वयंपाकघर मोठे करायचे असेल, कुणाला दोन भावांत एक जिना काढायचा असेल, तर मामा. मोकळ्या जमिनीवर नवे घर बांधायचे म्हणून कोणी आले, तर ते त्याला दुसऱ्याचा पत्ता देत. “मोकळ्या जमिनीला मी काय विचारणार? ती गप्प असते. राहतं घर बोलतं,” असे त्यांचे म्हणणे.

आणि ते घर बोलताना ते खरोखरच ऐकत. कुठेही गेले की आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवून तिला कान लावीत. खुर्ची पुढे केली तर खुर्चीवर बसत नसत. जिथे कोणी कधी बसत नाही अशी जागा हेरून तिथे मांडी घालीत आणि ती जागा का टाकली गेली याचा विचार करीत राहत. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, खिशात लाकडी घडीची पट्टी, आणि ती कधी बाहेर येईल याचा नेम नसे. लग्नाला गेले तर मांडवात वाढपी कुठे एकमेकांवर आदळतात हे पाहून यजमानाला दोन खांब हलवायला लावीत. एकदा तर कल्याणला एका ओळखीच्या घरी समाचाराला गेले होते. घरचे कर्ते गृहस्थ गेलेले, बाई कोपऱ्यात खाली मान घालून बसलेल्या. मामा दहा मिनिटे बसले, मग उठले, आणि पट्टी काढून खिडकी मोजू लागले. मामा बाईंना म्हणाले, “वहिनी, ही खिडकी उभ्या माणसासाठी केलेली आहे. तुम्ही आता पुष्कळ वेळ बसून असणार. हिचा खालचा काठ सव्वा फूट खाली घ्यायला हवा, म्हणजे बसल्या जागेवरून रस्ता दिसेल.” लोकांनी त्यांना जवळजवळ हाताला धरून बाहेर आणले. पण वर्षभराने त्या बाईंनी निरोप पाठवून ती खिडकी खाली घ्यायला लावली. ही हकीगत दादाच्या मित्राने सांगितलेली. मामा स्वतः कधी बोलले नाहीत.

आमच्याकडे ते आले ते दादाच्या लग्नाच्या निमित्ताने. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षे झाली होती. दादाचे लग्न वैशाखात ठरले होते, आणि घरात दोन खोल्या, पुढे एक पडवी आणि पाच माणसे. नव्या जोडप्यासाठी अंगणाच्या बाजूला एक खोली काढणे भाग होते. तेव्हा सिमेंट परमिटावर मिळे, आणि परमिटासाठी म्युनिसिपालिटीचा मंजूर नकाशा लागे, म्हणून मामा. बाबांची कल्पना अशी की ते येतील, चौकोन काढतील, सही करतील आणि चहा घेऊन जातील. मामा रविवारी सकाळी सातला आले आणि दिवे लागले तरी गेले नाहीत. त्यांना घराचा अख्खा दिवस पाहायचा होता. ऊन कुठून कुठे सरकते, धूर कोणत्या दाराने निघतो, भांडी घासायला कोण किती पावले चालते, हे ते एका वहीत टिपत होते.

मग प्रश्न सुरू झाले. किती बाय किती हवी, असले काही नाही. पहिलाच प्रश्न बाबांना: “फिटरसाहेब, रुसलात की कुठं बसता?”

बाबा चपापले. “आमच्यात कोणी रुसत नाही, मामा.”

आत आईच्या हातातले ताट वाजले. मामांनी मान वळवली. आई दाराआडून म्हणाली, “विहिरीच्या कट्ट्यावर. गेल्या महिन्यात दोनदा.”

“उत्तम,” मामा म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहून घेतले. “म्हणजे कट्ट्याला धक्का लावायचा नाही.”

आईला त्यांनी विचारले की तांदूळ निवडताना तोंड कोणीकडे करता. दादाला विचारले की बायकोशी पहिल्यांदा भांडण झाले तर आवाज पडवीत गेलेला चालेल का. दादा लाजून बाहेरच निघून गेला. आत्याला विचारले की जपमाळ घेऊन बसल्यावर कोण आलेले तुम्हाला दिसावे असे वाटते. आत्या म्हणाली, “मला सगळेच दिसावे.” तेही त्यांनी लिहून घेतले. मी चहा आणून ठेवीत होते आणि निवलेला चहा परत नेत होते.

पुढच्या रविवारी ते फक्कीची पिशवी घेऊन आले. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, जिने गवंडी पाया खणण्याआधी जमिनीवर रेघ ओढतात. मामांची रीत मात्र निराळी होती. कागदावर नकाशा काढण्याआधी ते अख्खी खोली फक्कीने अंगणात खऱ्या मापाची आखीत, भिंती, दार, खिडकी, फडताळ सगळे, आणि घरच्या माणसांना आठ दिवस तिच्यात राहायला लावीत. पडवीच्या टोकाला आमची बांबूची तट्टी होती. ती त्यांनी सोडवून ठेवली, कारण नव्या खोलीचे दार तिथे येणार होते. नियम एकच, भिंतीतून चालायचे नाही. वाटले तर मनात हसा, पण दारानेच जा.

पहिले दोन दिवस आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या घरात राहू लागलो होतो. दादा घाईत रेघ ओलांडून आला की मामा अंगणातल्या स्टुलावरून शांतपणे म्हणत, “भिंतीतून आलात. परत जा, दारानं या,” आणि तो मुकाट्याने परत जाई. बाबा उंच, त्यामुळे जुन्या घरात त्यांना सगळ्या चौकटींत वाकायची सवय. ते नसलेल्या चौकटीतही वाकू लागले. मामांनी ते पाहून दार तीन इंच उंच केले, म्हणजे वहीत केले, आणि बाबांना सांगितले, “आता वाकू नका.” बाबा वाकायचे थांबले. आईने उंबऱ्याच्या रेघेबाहेर रांगोळी घातली. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांनी त्या रेघेपाशी चपला काढल्या. सर्वांत कमाल दादाच्या होणाऱ्या सासऱ्यांनी केली. ते खोली पाहायला बाळकुमहून आले, त्यांना आम्ही रेघांच्या आत सतरंजीवर बसवले, पान दिले. थोड्या वेळाने ते उठले, खिडकीच्या रेघेपाशी गेले, दोन्ही हात गजांवर ठेवल्यासारखे करून पुढे वाकले आणि बाहेर थुंकले. मामांचा चेहरा असा उजळला की विचारू नये. “खिडकी बरोबर जागी आहे,” ते म्हणाले.

आता मला माझ्याबद्दल थोडे सांगावे लागेल. मॅट्रिकपासून मी पडवीच्या त्याच टोकाला अभ्यासाला बसत असे. एका अंगाला तांदळाचे पिंप, पाठीला ती तट्टी, बसायला पाट आणि वह्या ठेवायला एक खोका. स्वयंपाकघरात धुरामुळे बसता येत नसे, आणि मधल्या खोलीत रात्रपाळी करून आलेले बाबा दिवसा झोपत. ती जागा माझी आहे असे कोणी म्हटले नव्हते, मीही नाही. मार्चअखेर माझी इंटरची परीक्षा होती. कॉलेजात नाव घालताना बाबा म्हणाले होते, “पास होत राहशील तोवर शीक, बाय. एकदा नापास झालीस तर मग मी कोणाला तोंड देणार नाही.” कोणाला म्हणजे आत्याला. तिच्याकडे माझ्यासाठी दोन स्थळे तयारच होती. नव्या खोलीचे दार आले की माझी जागा जाणार हे मला पहिल्या रेघेलाच कळले होते. पण दादाचे लग्न होते. मी गप्प राहिले आणि तट्टी काढल्यावरही तिथेच पिंपाला चिकटून, पाय आवळून बसत राहिले.

चौथ्या दिवशी मामा स्टुलावर बसून माणसे कशी चालतात ते पाहत होते. एकदम म्हणाले, “दार तीन फुटांचं आहे. मग तुम्ही सगळे तिरके का होऊन जाता?”

खरेच, आम्हा सर्वांना सवय झाली होती. दाराशी आले की जो तो उजवा खांदा मागे घेई. मामांनी दार सहा इंचांनी रुंद केले. तरी सगळे तिरकेच. मामा अस्वस्थ झाले. जमिनीला उतार असेल असे म्हणून त्यांनी आत्याच्या तबकातली एक सुपारी घेतली आणि पडवीतून सोडली. सुपारी सरळ गेली, माझ्या वह्यांच्या खोक्यावर आपटली आणि थांबली.

“हे काय आहे?” मामा गुडघ्यावर बसून पाहू लागले.

“काही नाही, मामा,” दादा म्हणाला, “ती बसते तिथं.”

“ती कोण?”

उत्तर फारच सोपे होते. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन उभी होते. गेले चार दिवस दिवसातून तीनदा मीच चहा आणीत होते. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिले. मग वही उघडून पाने मागे-पुढे केली.

“मी घरातल्या सगळ्यांना विचारलं,” ते हळू म्हणाले. “तुला विचारलं का?”

“नाही,” मी म्हणाले, आणि लगेच घाईने, “पण तसं काही नाही, मामा.”

“तसं काही नाही कसं? इतक्या दिवसांची माझी मेहनत आणि मी एक माणूस सोडून आखणी केली. तू कुठं बसणार?”

“कुठेही बसेन.”

“‘कुठेही’ या जागेचं माप मला माहीत नाही,” मामा म्हणाले. “ती मला आखता येत नाही. मला नीट सांग.”

आत्या मध्ये पडली. “तिला कशाला विचारता, मामा? लग्न झालं की जाईल ती. पोरीच्या बसण्यापायी नव्या सुनेच्या खोलीचं दार हलवायचं का?”

बाबा विहिरीकडे पाहत होते. दादा पायाने माती उकरत होता. मामा मात्र कोणाकडेच वळले नाहीत. ते फक्कीची पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले होते, एखाद्या कारकुनाने अर्ज लिहून घ्यायला बसावे तसे. मला घरात कधी कोणी काय हवे असे विचारले नव्हते. वाईट वागणूक होती असे नाही, तशी रीतच नव्हती.

“पाठीला भिंत हवी,” मी म्हणाले. “आणि डाव्या हाताला खिडकी. म्हणजे लिहिताना सावली पडत नाही.”

मामांनी लिहून घेतले. “आणखी?”

“माझ्यावरून कोणी ओलांडून जाऊ नये.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले मला अजून कळत नाही. मग आई पदराला हात पुसत बाहेर आली. ती मामांसमोर फारशी बोलत नसे. म्हणाली, “पलीकडे सरपणाची जागा आहे. पडवीला लागूनच. ती तिला द्या.”

“आणि लाकडं कुठं ठेवशील?” आत्याने विचारले. “पावसात भिजली की चूल पेटणार आहे का?”

“माळ्यावर टाकीन. वर चढून काढीन. माझे पाय अजून चांगले आहेत, वन्सं.”

मामा उठले. सरपण बाजूला करून त्यांनी तिथे फक्कीने एक लहानसा चौकोन काढला, चार फूट बाय चार. दार नको, नुसती कमान. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजले. आम्ही सगळे बाबांकडे पाहत होतो, कारण हो म्हणायचे ते बाबांनी. बाबा त्या चौकोनापाशी आले. मग त्यांनी खिशातून आपली गिरणीतली लोखंडी पट्टी काढली, उकिडवे बसून रेघ मोजली आणि म्हणाले, “चार नको, मामा. लांबीला पाच करा. दिवसभर मांडी घालून गुडघे धरतात. पाय लांब करता आले पाहिजेत.”

मामांनी पायाने मागची रेघ पुसली आणि एक फूट सरकवून नवी ओढली. आत्याने जपमाळ हातात घेतली. नंतरचे दोन दिवस मामांनी मला त्या रेघांत बसून अभ्यास करायला लावले आणि स्वतः स्टूल घेऊन पलीकडे बसले. मी तर्कशास्त्राचे पुस्तक उघडून बसे. ते मान किती वाकते ते पाहत. शेवटी एकदा म्हणाले, “तू पान उलटताना थांबतेस. थांब. घाई नाही.” एवढेच.

माघात खोली उभी राहिली आणि तिच्याबरोबर माझी जागाही. मामा ती पाहायला एकदाच आले. कमानीतून आत जाऊन भिंतीला पाठ टेकून बसले, खिडकीचा काठ हाताने चाचपला, माझे पुस्तक घेतले आणि अगदी नाकाजवळ धरले. “उजेड पुरतो ना?” त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटून ठेवले आणि त्या दिवशी मात्र चहा गरम असतानाच घेतला. निघताना पडवीच्या पायरीवर त्यांनी पाय टाकण्याआधी हात पुढे केला आणि दादाने तो धरला. ते थकले असतील असे आम्हाला वाटले.

मार्चमध्ये मला एक गोष्ट कळली. साडेतीन वाजले की खिडकीवरच्या छज्ज्याखालून ऊन आत येई आणि नेमके माझ्या पानावर पडे. अक्षरे दिसेनाशी होत. मामांच्या हातून असे होणे शक्य नव्हते. मी ट्रंकेतून नकाशा काढून पाहिला. छज्जा त्यांनी दीड फुटाचा लिहिला होता, आणि आखला होता पाऊण फुटाचा. गवंड्याला लिहिलेले वाचता येत नव्हते. त्याने आखलेले मोजून बांधले. तो नकाशा मी पुन्हा घडी करून ठेवून दिला आणि कोणाला सांगितले नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले, दुसऱ्या वर्गात. वहिनीने, ती तोवर घरात रुळली होती, पेढे बांधून दिले आणि मी दादाबरोबर डोंबिवलीला गेले. मामांच्या खोलीला कुलूप होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, “ते गेले हो पेणला, बहिणीकडे. डोळ्यांनी दिसेनासंच झालं. चूल पेटवताना दोनदा हात भाजून घेतला.” पेढे त्यांच्याकडेच देऊन आम्ही परतलो. मी बहिणीच्या पत्त्यावर कार्ड घातले, पास झाल्याचे कळवले.

दोन आठवड्यांनी उत्तर आले. अक्षर कोणा दुसऱ्याचे होते, पण बोलणे त्यांचे. अभिनंदन, बी.ए. पुरे कर, आईला पाय जपून माळ्यावर चढायला सांग. आणि शेवटी: “एक विचारायचे राहिले. तिसऱ्या प्रहरी पुस्तकावर ऊन येते काय? आखताना माझ्या हातून काही राहिले असे सारखे वाटते. येत असेल तर संकोच न करता कळव. मी येऊन पाहीन.”

मी त्याच दिवशी उत्तर लिहिले. ऊन येत नाही, उजेड भरपूर आहे, जागा अगदी मनासारखी झाली आहे. कार्ड टाकून परत येऊन बसले. नंतर त्यांचे पत्र आले नाही. हिवाळ्यात ते गेल्याचे दादाच्या मित्राकडून कळले. यंदा माझे बी.ए.चे शेवटचे वर्ष आहे. दादा दरवर्षी म्हणतो, तो छज्जा वाढवून घेऊ, एका दिवसाचे काम आहे. मी त्याला म्हणते, राहू दे. चैत्रात साडेतीन वाजता ऊन पानावर येते. मी पाट हातभर आत ओढून घेते आणि वाचत बसते.